अदृश्य कारागीर

सोलापूरहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावर वैराग हे गाव लागते. हिवाळा उतरणीला लागला म्हणजे या गावाच्या शिवाराला निराळीच शोभा येते. काळ्या जमिनीत रब्बीची ज्वारी भरल्या कणसांनी डुलत असते आणि जेथे विहिरीचे किंवा तलावाचे पाणी पोहोचते, तेथे उसाच्या फडांत तोडणीची धांदल चाललेली असते. कोयत्यांचा खटखट आवाज, पाचटाची सळसळ आणि मोळ्या वाहणाऱ्या स्त्रीपुरुषांची लगबग यांनी पहाटेपासून शिवार जागे झालेले असते.

अशा दिवसांत वैरागच्या एखाद्या शेतकऱ्याच्या घरात डोकावले, तर तीन साध्या गोष्टी दृष्टीस पडतात. आजी नातवाला म्हणत असते, “अरे, घास नीट चावून खा. चावशील तशी भाकरी गोड लागते.” कोनाड्यातील मडक्यात रात्री विरजलेले दूध सकाळ झाली तरी दुधासारखेच पातळ राहिलेले असते, म्हणून घरची सून ते मडके चुलीजवळ उबेला सरकवून ठेवते. आणि घरधनी अंगणात चिंतातुर उभा असतो. काल तोडलेला ऊस बांधावर पडून आहे, कारखान्याकडे नेणारे वाहन अजून आलेले नाही, आणि वर ऊन तापू लागले आहे.

भाकरीचा गोडवा, न लागलेले दही आणि बांधावरचा ऊस यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. परंतु या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी एकाच जातीचे कारागीर आहेत. ते डोळ्यांना दिसत नाहीत, त्यांच्या कामाचा आवाज होत नाही, आणि काम करून ते झिजतही नाहीत. या कारागिरांना विकर म्हणतात. एन्झाइम हे त्यांचेच दुसरे प्रचलित नाव होय.

प्रथम आजीच्या बोलण्याचा अर्थ पाहू. ज्वारीच्या पिठात मुख्यतः पिष्ट असते. पिष्टाचा एकेक रेणू म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या शेकडो-हजारो मण्यांची लांबलचक माळ असते. मणी गोड, पण ते माळेत ओवलेले असताना जिभेला त्यांची गोडी कळत नाही. म्हणून भाकरीचा पहिला घास गोड लागत नाही. मात्र तो चावता चावता लाळेत मिसळतो. लाळेत अमायलेज नावाचा विकर असतो. तो ही माळ ठिकठिकाणी तोडतो आणि तिच्यापासून माल्टोज नावाची, दोन-दोन मण्यांची साखर तयार होते. हीच ती घासाची गोडी. आजीने हे कोणत्याही ग्रंथात वाचलेले नसते. तिने ते अनुभवाने जाणलेले असते.

हेच काम प्रयोगशाळेत विकराशिवाय करावयाचे झाल्यास पिष्टात आम्ल मिसळून ते बराच वेळ उकळत ठेवावे लागते. मुखात मात्र उकळी नाही, तीव्र आम्ल नाही. शरीराच्या नेहमीच्या उष्णतेतच ते काही क्षणांत सुरू होते. जी क्रिया एरवी अतिशय मंद गतीने झाली असती, ती सजीवांच्या शरीरात झपाट्याने घडवून आणणे, हे विकरांचे कार्य आहे. आणि विशेष हे की, एक माळ तोडून झाली की विकर जसाच्या तसा मोकळा होतो व दुसऱ्या माळेकडे वळतो. म्हणूनच थोड्याशा विकराने पुष्कळ काम होते.

विकरांचा दुसरा विशेष असा की, प्रत्येकाचा उद्योग ठरलेला असतो. सुताराने सोन्याचे दागिने घडवू नयेत व सोनाराने नांगर करू नये, असा जणू त्यांच्या गावचा नियमच असतो. पिष्ट तोडणारा अमायलेज डाळीतील प्रथिनांना हात लावत नाही. प्रथिने तोडणारा पेप्सिन पिष्टाकडे पाहत नाही. असे का व्हावे? एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९४ साली याचे उत्तर कुलूप आणि किल्ली यांच्या दृष्टांताने दिले. प्रत्येक विकराच्या रेणूला विशिष्ट घडण असते आणि त्यात एक खोबण असते. ज्या पदार्थाचा आकार त्या खोबणीत बसतो, त्याच्यावरच तो विकर काम करू शकतो. पुढे १९५८ साली डॅनियल कॉशलंड या अमेरिकन शास्त्रज्ञाने या कल्पनेत थोडी सुधारणा केली. ही खोबण लोखंडी कुलपासारखी ताठर नसते. हात घालताच हातमोजा जसा हाताच्या आकाराचा होतो, तशी ती पदार्थ आत येताच किंचित वळते आणि त्याला नीट कवटाळते.

हे कारागीर आहेत तरी कशाचे बनलेले, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पुष्कळ काळ छळत होता. साखरेच्या द्रावणाला फेस आणून तिचे मद्यार्कात रूपांतर करणे हे केवळ जिवंत यीस्टपेशींनाच शक्य आहे, अशी एके काळी समजूत होती. १८९७ साली एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने यीस्ट वाळूबरोबर घोटून त्याच्या पेशी फोडल्या आणि त्यांचा रस पिळून काढला. तो रस टिकावा म्हणून त्यात साखर घातली. पाहतात तो रसातून बुडबुडे येऊ लागले! रसात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेवरील काम सुरू झाले होते. कारागिराला काम करण्यास जिवंत पेशीचे छप्पर असलेच पाहिजे असे नाही, हे या प्रयोगाने सिद्ध झाले. या शोधाबद्दल बुखनर यांना १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

यापुढची कथा अधिक हृदयस्पर्शी आहे. अमेरिकेतील जेम्स समनर हा मुलगा डावखुरा होता. वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीच्या वेळी झालेल्या अपघातात त्याचा डावा हातच कापावा लागला. त्याने मोठ्या जिद्दीने उजव्या हाताने सर्व कामे करण्याचा सराव केला. एका हाताच्या माणसाने रसायनशास्त्राच्या वाटेस जाऊ नये, असा सल्ला त्याला मिळाला. तो त्याने मानला नाही. १९१७ साली समनर यांनी अबईच्या कुळातील एका घेवड्याच्या बियांतून युरिएज नावाचा विकर शुद्ध स्वरूपात वेगळा काढण्याचे काम हाती घेतले. नऊ वर्षे अपयश पदरी येत राहिले. अखेर १९२६ साली त्या विकराचे लखलखीत स्फटिक त्यांच्या हाती आले आणि विकर हे प्रथिन आहे, असे त्यांनी दाखवून दिले. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचा यावर प्रथम विश्वास बसला नाही. परंतु पुढे इतरांच्या प्रयोगांनी त्यांचेच म्हणणे खरे ठरले आणि १९४६ साली समनर हे नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

समनर यांचा हा युरिएज वैरागच्या शेतकऱ्याला अपरिचित असला, तरी त्याच्या शेतात तो रोज राबत असतो. मातीतील असंख्य सूक्ष्म जंतूंजवळ तो असतो आणि शेतात टाकलेल्या युरिया खताचे तो अमोनियात रूपांतर करतो. युरिया मातीत मिसळलेला असेल तर अमोनिया मातीत धरून राहतो व पिकाच्या उपयोगी पडतो. तो उघड्या, ओलसर मातीवर नुसता फेकलेला असेल तर तयार झालेला अमोनिया वायू होऊन हवेत निघून जातो आणि खताचा पैसा वाया जातो.

विकर प्रथिनांचे बनलेले असतात, ही एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्यांच्या स्वभावातील बहुतेक कोडी उलगडतात. प्रथिनाची माळ एका विशिष्ट रीतीने गुंडाळलेली असते. ती घडी मोडली की खोबण नाहीशी होते, आणि खोबण गेली की काम थांबते.

आता चुलीजवळच्या मडक्याकडे वळू. दुधात विरजण घालणे म्हणजे त्यात दह्याचे लक्षावधी सूक्ष्म जंतू सोडणे होय. या जंतूंच्या अंगी असलेले विकर दुधातील साखरेपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे दूध घट्ट होऊन दही लागते. थंडीच्या रात्री जंतूंची वाढ मंदावते आणि त्यांच्या विकरांचे कामही रेंगाळते. उष्णता दहा अंशांनी वाढली, तर विकराच्या कामाचा वेग साधारणतः दुप्पट होतो. म्हणूनच मडके उबेला ठेवताच दही लागते, आणि वैशाखात तेच दही दुपारपर्यंत आंबटढाण होते.

मग उष्णता वाढवीतच नेली तर काम वाढतच जाईल काय? तसे होत नाही. कढत दुधात विरजण घातले तर दही कधीच लागत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. अति उष्णतेने दह्याचे जंतू मरतात आणि त्यांच्या विकरांची घडीही मोडते. अंड्यातील पातळ पांढरा बलक उकळताच घट्ट होतो. तो पुन्हा गार केला तरी पूर्ववत पातळ होत नाही. विकराचेही तसेच आहे. मनुष्याच्या शरीरातील बहुतेक विकर सुमारे ३७ अंश सेल्सियस या शरीराच्या स्वाभाविक उष्णतेत उत्तम काम करतात. उष्णता त्याहून फार वाढली तर त्यांची घडण बिघडू लागते. थंडी आणि उकळी यांच्यातील हा भेद महत्त्वाचा आहे. थंडीने कारागीर केवळ पेंगतो, ऊब मिळताच तो पुन्हा उठतो. उकळीने मात्र तो कायमचा निकामी होतो.

हा भेद शाळेतही पाहता येतो. जखम धुण्यासाठी वापरण्यात येणारे हायड्रोजन पेरॉक्साइड शिक्षकांच्या देखरेखीखाली दोन पेल्यांत थोडे थोडे घ्यावे. एका पेल्यात कच्च्या बटाट्याची फोड टाकावी व दुसऱ्यात उकडून गार केलेल्या बटाट्याची. कच्च्या फोडीभोवती भराभर फेस येतो. उकडलेल्या फोडीभोवती येत नाही. बटाट्यात कॅटलेज नावाचा विकर असतो. तो त्या द्रवातून प्राणवायू मोकळा करतो, त्याचाच हा फेस. कॅटलेज इतका चपळ आहे की त्याचा एकेक रेणू एका सेकंदात लाखो रेणूंचे विघटन करू शकतो. परंतु उकडलेल्या बटाट्यात त्याची घडी मोडलेली असते, म्हणून तेथे सारे शांत राहते.

उष्णतेप्रमाणेच आंबटपणाचाही विकरांवर मोठा परिणाम होतो. लाळेतील अमायलेजला जवळजवळ निर्विकार, म्हणजे आम्लधर्मीही नाही व अल्कधर्मीही नाही असे वातावरण मानवते. घास जठरात उतरला आणि तेथील तीव्र आम्लात मिसळला की त्याचे काम थांबते. परंतु त्याच आम्लात पेप्सिन हा विकर उत्साहाने प्रथिने तोडू लागतो. पुढे लहान आतड्यात आम्ल निवले म्हणजे पेप्सिन थांबतो आणि पिष्टाचे उरलेले काम स्वादुपिंडाकडून आलेला नवा अमायलेज पुरे करतो. कापलेले वांगे काळे पडते, तेही एका विकराचेच काम असते. त्याला हवेतील प्राणवायू लागतो. म्हणून चिरलेल्या फोडी पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्यात लिंबू पिळले तर आंबटपणाने त्या विकराचा वेग आणखी मंदावतो.

तिसरी अट पाण्याची. पूर्वी ज्वारी पेवात किंवा बळदात साठवीत असत, आणि साठविण्यापूर्वी ती उन्हात खडखडीत वाळवीत. दाणा कोरडा असला की त्यातील विकर जणू निद्रिस्त असतात. मटकी भिजत घालून फडक्यात बांधली की एका-दोन दिवसांत तिला मोड येतात. पाणी मिळताच बियांतील विकर जागे होतात, नवे विकर तयार होतात, आणि साठवलेले अन्न फोडून ते कोवळ्या अंकुराला भरवितात. मोडासाठी ही गोष्ट इष्टच आहे. परंतु काढणीला आलेल्या ज्वारीवर अवकाळी पाऊस कोसळला, तर दाण्यांना कणसातच मोड फुटतात आणि शेतकऱ्याच्या तोंडचा घास जातो. कारागीर तेच, काम तेच. वेळ मात्र चुकलेली असते.

चौथी गोष्ट आहे विकर आणि पदार्थ यांच्या प्रमाणाची. साखर कारखान्यात ज्या ठिकाणी ऊस टाकला जातो, त्या जागेला गव्हाण म्हणतात. गाड्या थोड्या आल्या तर गव्हाणीला विसावा मिळतो. गाड्या वाढल्या की कामही वाढते. परंतु गव्हाण पुरती भरून चालू लागली म्हणजे आणखी कितीही गाड्या आल्या तरी त्यांना रांगेत उभेच राहावे लागते. विकरांचेही असेच आहे. पदार्थ वाढविला तर काही मर्यादेपर्यंत कामाचा वेग वाढतो. सर्व विकर गुंतले की तो वाढेनासा होतो. मग वेग वाढविण्यास विकरच अधिक लागतात.

गव्हाणीचा विषय निघालाच आहे, तेव्हा बांधावर थांबलेल्या उसाची आणि त्याच्या धन्याची चिंताही समजून घेतली पाहिजे. उसातील गोडी ही मुख्यतः सुक्रोज या साखरेची असते. उसातच इन्व्हर्टेज नावाचा विकर असतो. तो सुक्रोजच्या एका रेणूचे दोन तुकडे करतो : एक ग्लुकोज आणि दुसरा फ्रुक्टोज. वाढत्या उसाला या तुकड्यांची वाढीसाठी गरज असते, म्हणून इन्व्हर्टेज तेव्हा उसाचा मित्र असतो. ऊस पक्व होत जातो तसा त्याचा जोर ओसरतो आणि कांड्यांत सुक्रोज साठत जाते.

परंतु कोयत्याचा घाव बसला म्हणजे स्थिती पालटते. तोडलेल्या उसाला नवी साखर तयार करता येत नाही. विकराला मात्र सुट्टी नसते. तो साठवलेल्या सुक्रोजचे तुकडे करीतच राहतो. कापलेल्या टोकांतून सूक्ष्म जंतू आत शिरतात आणि तेही आपापले विकर घेऊन या कामात सामील होतात. ऊन जितके कडक, तितका त्यांचा वेग अधिक. शिवाय उसातील पाणी आटून वजन घटते, ते वेगळेच. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हेही गोडच असतात. पण कारखान्यात सुक्रोजचे दाणे बनतात, या तुकड्यांचे बनत नाहीत. ते मळीबरोबर निघून जातात. गुऱ्हाळावरचा जाणता गुळव्याही शिळा ऊस नाकारतो, कारण त्याचा गूळ चिकट होतो, नीट बसत नाही.

चांगल्या उसाच्या १०० किलोंतून साधारणतः १० ते ११ किलो साखर निघते. हा उतारा घसरला की नुकसान होते. आणि उसाचा भाव कारखान्याच्या उताऱ्याशी जोडलेला असल्याने त्या नुकसानीची झळ शेवटी शेतकऱ्यालाच पोहोचते. वर्षभर उसाला पाणी पाजणारा शेतकरी आणि थंडीत पहाटे उठून, लेकराला पाचटावर निजवून मोळ्या बांधणारी मजूर स्त्री यांच्या घामाचे मोल न दिसणारा एक विकर एका-दोन दिवसांत कमी करू शकतो. म्हणूनच तोडलेला ऊस शक्य तो २४ तासांच्या आत गाळला जावा, असे सांगतात. वाहनास उशीर होणार असेल, तर मोळ्या सावलीत रचून त्यांवर पाचट पसरतात आणि पाणी शिंपडतात. थंडाव्याने विकरांचा वेग मंदावतो आणि ऊसही लवकर सुकत नाही. कारखान्यात एकदा रस तापविला की या विकरांचे काम संपते. पण तोपर्यंतचा प्रत्येक तास मोलाचा असतो.

विकर कोणाचा मित्र नाही आणि शत्रूही नाही. तो आपला ठरलेला उद्योग इमानाने करीत असतो. दही लावताना त्याला ऊब द्यावी, धान्य साठविताना त्याचे पाणी तोडावे, कापलेल्या उसात त्याला गारव्याने रोखावे आणि घास खाताना त्याला पुरेसा वेळ द्यावा; एवढे ज्याला कळले, त्याने या अदृश्य कारागिरांना आपल्या कामास लावले असे म्हणता येईल. आपल्या पूर्वजांनी हे ज्ञान चुलीपाशी आणि बांधावर, पिढ्यान्‌पिढ्यांच्या निरीक्षणाने मिळविले. बुखनर, फिशर आणि समनर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यामागची कारणे शोधून काढली. अनुभवाला कारणांची जोड मिळाली म्हणजे ज्ञान पुरे होते.

दुपार होईपर्यंत त्या वैरागच्या घरातील मडक्यात दही लागलेले असते. बांधावरच्या मोळ्यांवर पाचट पसरून, पाणी शिंपडून घरधनी वाहनाची वाट पाहत असतो. दिवस मावळण्यापूर्वी रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज ऐकू येतो आणि त्याच्या कपाळावरची आठी नाहीशी होते. घरी नातू भाकरीचा घास सावकाश चावीत असतो. या वेळी मात्र त्याला आजीने सांगावे लागत नाही.